उजवा पाय झाला, डावा राहिला

संपादकांनी माझ्याकडे पाककृती मागितली होती. हजार माणसांची वांग्याची भाजी कशी करता ते लिहून द्या, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ते वाचून घरी कोण हजार माणसांची भाजी करणार आहे? त्यापेक्षा मी पायांबद्दल लिहितो. भाजी हातानं होते असा लोकांचा समज आहे. खरं म्हणजे ती पायांवर होते. हात नुसते हलत असतात, उभं राहावं लागतं पायांना.

आधी एक खुलासा. मला दारव्ह्याच्या आसपास सगळे 'महाराज' म्हणतात, पण मी पुजारी नाही आणि कीर्तनकारही नाही. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्याला महाराज म्हणायची पद्धत आहे. मान मोठा आहे. नवरीचा बाप हात जोडून 'महाराज, इज्जत तुमच्या हाती' म्हणतो, आणि झोपायला गोठ्याच्या बाजूची जागा देतो.

आमचा धंदा बाहेरून पाहणाऱ्याला चवीचा वाटतो. चव सगळ्यात शेवटी येते. आदल्या दिवशी दुपारी गावात पोचलो की मी आधी वारा कुठून येतो ते बघायचो. मांडवात धूर गेला तर वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकायच्या आधीच रुसतात. मग विटांची भट्टी लावायची, तिच्यावर कढई सरळ बसली की नाही ते पाण्यानं तपासायचं, लाकडं ओली निघाली की घरमालकाशी गोड बोलून सुकी मागून घ्यायची. त्यानंतर जे उभं राहायचं, ते दुसऱ्या दिवशी शेवटची पंगत उठेपर्यंत. मोठ्या कढईत झारा फिरवायचा तर डावा पाय पुढे, उजवा मागे आणि सगळा भार उजव्यावर. बुंदी पाडताना तसंच, रव्याची गोड सोजी घोटताना तसंच. माझा गुरू मला आधी हे उभं राहणंच शिकवत होता. मिठाचं पुढच्या वर्षी पाहू, म्हणाला.

मधे बसत का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. बसायला हरकत कोणाचीच नसते, पण नवरीचा बाप दर थोड्या वेळानं 'झालं का महाराज' करत येतो. त्याला आचारी बसलेला दिसला की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्याला वाटतं तेल संपलं, नाहीतर महाराज रुसले. एकदा मी जरा टेकलो, तर तो माणूस सासरच्या चार लोकांना घेऊन माझी समजूत काढायला आला. तेव्हापासून मी बसणं सोडलं. पुऱ्या लाटणाऱ्या बाया तेवढ्या बसतात, आणि गप्पांची सगळी मजाही त्यांच्याकडेच असते.

तर एवढं उभं राहिल्यावर उजव्या पायानं आपलं म्हणणं मांडलं. पोटरीवर आधी एक निळी रेघ दिसली, मग ती जाड झाली, मग वळणं घेत घोट्यापर्यंत उतरली. संध्याकाळी पाय भरून यायचा, रात्री वाम यायचे, म्हणजे पोटरीत गोळे, आणि घोट्याजवळची कातडी काळी पडायला लागली. मी ती भट्टीची काजळी समजून दगडानं घासत होतो. माझी बायको सुमन हे दोन-तीन दिवस बघत राहिली आणि मग म्हणाली, की ही काजळी डाव्या पायाला काहून नाही लागत? मी म्हटलं, तो पुढे असतो. भट्टीच्या जवळचा पाय स्वच्छ आणि लांबचा काळा, हे तिला पटलं नाही.

व्हेरिकोज व्हेन्स हे नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी चहाच्या ठेल्यावर पायजमा जरा वर केला, तर न्हाव्यानं स्वतःचा पाय दाखवला, पिठाच्या गिरणीवाल्यानं आपला, आणि एका रिटायर्ड कंडक्टरनं दोन्ही. तिथं आमचं छोटंसं प्रदर्शनच भरलं. प्रत्येकाकडे उपाय होता. एकाचं म्हणणं जळवा लावा, एकाचं काळा दोरा बांधा, एकाचं मोहरीच्या तेलानं कचकचून रगडा. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: ऑपरेशन करू नका, नस काढली की पाय वाळतो. ढाणकीच्या एका माणसाचा वाळला म्हणे. मला पुढच्याच महिन्यात ढाणकीची ऑर्डर होती. तिथं मी मुद्दाम चौकशी केली. तिथले लोक म्हणाले, झालं आहे खरं असं, पण तो माणूस दारव्ह्याचा.

शेवटी सुमननं मला यवतमाळला नेलं. सर्जन बाई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांच्यापुढे पायजमा गुडघ्यावर घ्यायचा म्हणून मी आधीच अर्धा लाजलेलो. त्यांनी मला उभं केलं, पाय चाचपला, यंत्र लावून डॉपलर नावाची सोनोग्राफी केली. मग विचारलं, शेतात मोटर आहे का? मी म्हटलं, भावाच्या शेतात आहे. म्हणाल्या, फूटव्हॉल्व्ह खराब झाला की काय होतं? मी म्हटलं, मोटर बंद केली की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पायांच्या नसांमध्येही असे लहान लहान व्हॉल्व्ह असतात. ते रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. उभं राहून राहून माझे बिघडले होते, आणि वर चढलेलं रक्त परत घोट्याकडे येऊन तुंबत होतं.

मी माझा खास प्रश्न काढला. नस काढून टाकली तर रक्त जाणार कोणत्या वाटेनं? बाई हसल्या. हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो आणि प्रत्येकाला वाटतं आपणच पहिले, असं त्या म्हणाल्या. खरी मोठी वाहिनी आत, मांसाच्या खोल आहे आणि ती माझी ठणठणीत होती. वरची नस असूनही आता कामाची उरली नव्हती, उलटंच काम करत होती.

आता यावर माझी अपेक्षा अशी, की डॉक्टरनं सांगावं, उद्या या आणि पाय टाका टेबलावर. म्हणजे मला घरी जाऊन 'काय करणार, डॉक्टर ऐकेचनात' म्हणता आलं असतं. पण या बाई निराळ्याच. त्यांनी सांगितलं, हा जिवावरचा आजार नाही. घट्ट मोजे घालून बघा, काम नसेल तेव्हा पाय उंच ठेवा. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन आहे, त्याच्यातही प्रकार आहेत. नाहीच केलं तर पुढेमागे घोट्याजवळ जखम होईल, ती लवकर भरणार नाही. आणि कधी नस फुटून रक्त आलं तर घाबरायचं नाही, आडवं व्हायचं, पाय वर करायचा, स्वच्छ फडक्यानं दाबून धरायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. निर्णय तुमचा, म्हणाल्या. हजार माणसांचा अंदाज मी उभ्या उभ्या सांगतो, पण स्वतःच्या एका पायाचा निर्णय मला सांगता येईना.

म्हणून मोजे घेतले. ते चढवायला दोन माणसं लागतात. सकाळी सुमन एका टोकाला आणि मी दुसऱ्या, अशी आमची ओढाताण चालायची, आणि पाय आत गेला की दोघंही दम खात बसायचो. मे महिना, समोर भट्टी आणि मांडीपर्यंत घट्ट मोजा, हे ज्यानं सोसलं त्यालाच कळेल. तरी मी घातले. मग एका लग्नात बुंदीचा पाक उतरवताना थोडा मोज्यावर सांडला. भाजलं नाही, पण मोजा वाळून पत्र्यासारखा कडक झाला. दुपारी पोत्यांवर जरा आडवा झालो आणि उठून बघतो तो पायावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मुंग्यांची रांग. पुऱ्यावाल्या बाया इतक्या हसल्या, की त्या घाण्यातल्या पुऱ्या वेड्यावाकड्या झाल्या. मोजा कात्रीनं कापून काढावा लागला, आणि नवा मी घेतला नाही.

त्या बायांची म्होरकी अनुसयाबाई. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली, तोंडानं फटकळ, पण पुरी अशी लाटायची की पेला ठेवून कापल्यासारखी. तिला आणि सगळ्यांना मी डॉक्टरबाईंची नक्कल करून दाखवायचो. 'आडवं व्हायचं, पाय वर करायचा, दाबून धरायचं,' असं बोट नाचवून म्हणायचो आणि स्वतःच हसायचो. पुढे या नकलेनंच मला वाचवलं.

झालं ते असं. दिग्रसच्या बाजूला एका खेड्यात लग्न होतं. पहिली पंगत बसलेली, दुसरीची भाजी भट्टीवर. लाकडं सारताना एका फाट्याचं टोक घोट्याला लागलं. ओरखडाच, मी लक्षही दिलं नाही. थोड्या वेळानं चप्पल चिकट लागायला लागली. खाली बघतो तर घोट्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडत होती. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

आचाऱ्यांच्या राहुटीत माणसाला लागलं तर जे होतं तेच झालं. एकानं मूठभर नाही, अर्धं घमेलं हळद माझ्या पायावर ओतली. दुसऱ्यानं मसाल्याच्या पोत्याची सुतळी सोडून गुडघ्याखाली आवळून बांधली आणि मला धरून उभंच ठेवलं, कारण महाराज म्हणजे उभेच असायचे. सुतळीनं पाय निळा पडला आणि रक्त आणखी जोरानं यायला लागलं. हळदीत मिसळून ते केशरी होऊन राहुटीभर पसरलं. तेवढ्यात नवरीचा बाप आला. खाली बघून त्याचा चेहराच उतरला.

"महाराज," तो म्हणाला, "एवढी तर्री काहून सांडली? दुसऱ्या पंगतीले पुरंन का?"

त्याला कोण काय सांगणार. अनुसयाबाई पोळपाट सोडून उठली. मला तांदळाच्या पोत्यांवर आडवं पाडलं, एक रिकामा गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, पालथा घालून त्यावर माझा पाय ठेवला, सुतळी कापून फेकली आणि धुतलेलं फडकं घोट्यावर दाबून बसली. "तुमीच त सांगत होते नाचून नाचून," ती म्हणाली. "आता गप पडा." रक्त थांबलं. पण तिनं हात काढला नाही आणि गाडी येईपर्यंत मला उठूही दिलं नाही.

पडल्या पडल्या मी हुकूम सोडत होतो. भाजी खाली घ्या, वरणाला फोडणी द्या, पुऱ्यांचं तेल बघा. पण माझा आवाज त्या गोंधळात कोणाला ऐकू जात नव्हता आणि जो तो आपापलं काम करत होता. दुसरी पंगत बसली, जेवली, उठली. लोक ढेकर देत बाहेर पडले. भाजीला मीठ बरोबर होतं. मी आडवा होतो हे मांडवात कोणाला कळलंसुद्धा नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या दिवशी रक्तापेक्षा ते जास्त लागलं, आज लिहितो म्हणून सांगतो.

गावातल्या दवाखान्यात टाका पडला आणि दोन दिवसांनी आम्ही पुन्हा यवतमाळला. आता ऑपरेशन करायचं, हे सुमननंच बाईंना सांगून टाकलं. प्रश्न उरला कधी करायचं. मी म्हटलं, उन्हाळ्यात टाके पिकतात. शिवाय लगीनसराई असते. पावसाळ्यात ओल, जखम सुकत नाही, आणि गणपतीत महाप्रसाद असतात. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा माणसांची लग्नं सुरू. बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "काका, टाके कोणत्याही महिन्यात पिकत नाहीत, काळजी घेतली तर. पण तुम्हाला काम कधी नसतं ते सांगा."

काम मला फक्त पितृपक्षात नसतं. त्या पंधरवड्यात कोणी लग्न करत नाही, घर घेत नाही, साधी दुचाकीसुद्धा आणत नाही. सुमन म्हणाली, पितरांच्या दिवसांत कोणी अंगाला सुरी लावून घेते का? तेव्हा बाई म्हणाल्या, कोणीच घेत नाही. म्हणून तर त्या दिवसांत माझं ऑपरेशन थिएटर रिकामं असतं, तुम्ही म्हणाल तो पलंग देते. आमच्या दोघांच्या धंद्याला एकाच वेळी सुट्टी होती, हे कळल्यावर मला त्या बाई एकदम घरच्या वाटल्या. तारीख ठरली. आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली. सुमननं त्यांना सांगितलं, की सासऱ्यांचे पायही असेच होते, शेवटी घोट्याची जखम घेऊन गेले. पोराचा पाय बरा झाला तर ते काय वरून रागावणार आहेत? 

ऑपरेशनच्या दिवशी मी किती भ्यालो ते इथं लिहीत नाही, सुमन हा अंक वाचणार आहे. कमरेत सुई दिली आणि माझे पाय नाहीसे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून काही तक्रार येत नव्हती. मी जागा होतो, मधे हिरवा पडदा. भीती जावी म्हणून असेल, बाईंनी विचारलं, की बुंदी गोल कशी पडते हो? मी सुरू झालो. झारा कढईपासून किती उंच धरायचा, पीठ किती सैल, हात अडला की बुंदीला शेपूट कसं येतं. भूल देणारे डॉक्टरही प्रश्न विचारायला लागले. साखरेच्या पाकापर्यंत आलो तेवढ्यात बाई म्हणाल्या, झालं. मी काढलेली नस दाखवा म्हटलं. चिमट्यात धरलेली ती मऊ, फिकट, भिजलेल्या शेवईसारखी वस्तू पाहिली आणि स्वतःचीच कीव आली. एवढ्याशा गोष्टीला घाबरून मी ढाणकीपर्यंत चौकशी करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडलो. काही आठवड्यांत पायाचा जडपणा गेला, वाम येणं थांबलं. काळा डाग तेवढा राहिला, तो जाणार नाही असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. चहाच्या ठेल्यावर माझा भाव वधारला. लोक लांबून येऊन पाय बघून जायचे आणि 'वाळला तर नाही' असं जरा नाराजीनंच म्हणायचे.

डावा पाय मात्र राहिला होता. त्याच्यातही बिघाड होता, उजव्याएवढा नाही. बाई म्हणाल्या, तोही करून टाकला तर बरं, तुमच्या सोयीनं या. तेव्हापासून मी सोय बघतो आहे. एक पितृपक्ष मी सर्दीवर घालवला. त्याच्या पुढचा भाच्याच्या घराच्या स्लॅबवर, म्हणजे पितृपक्षात स्लॅब पडत नाही म्हणून त्याची तयारी बघायला. लग्नाची कामं तोवर बंद ठेवली होती. अधूनमधून फोन यायचा, महाराज, मुलीचं लग्न काढून राह्यलो, येता का? मी सांगायचो, एक पाय झाला, डावा बाकी आहे, तो झाला की बघू. बोलायला सोपं होतं आणि मानाचंही. मग फोन कमी झाले. आता आमच्याकडेही टोप्या घातलेले केटरर येतात. उभ्यानं जेवण असतं, पनीर असतं, चाऊमीन असतं. पूर्वी वाढपी फिरायचा आणि पाहुणा बसायचा, आता पाहुणा ताट घेऊन फिरतो. वांग्याची भाजी एका कोपऱ्यात लहानशा भांड्यात असते, बिचारी.

यंदा श्रावण संपत आला तेव्हा सुमननं विषय काढला. पितृपक्ष जवळ आला, बाईंना फोन करा. मी म्हटलं, डावा एवढा दुखत नाही. ती तुरीची डाळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "उजव्याच्या वक्ताले तुमी सुईले भेत होते. आता सुईचं भेव नाई तुमाले."

"मग कायचं हाय?" मी विचारलं.

"दोन्ही पाय बरे झाले अन् तरी फोन नाई आला तं, याचं."

 तिनं अगदी नेमकी नस पकडली होती, असं कोणीतरी लिहील, पण मला तेव्हा चटका बसल्यासारखं झालं. डावा पाय दुखरा होता तोवर मी न बोलावलेला महाराज नव्हतो, पाय दुखतो म्हणून न जाणारा महाराज होतो. मी तिच्या डाळीतले दोन खडे वेचून टाकले. मग विचारलं, की खरंच नाही आला तर?

"नाई आला तं नाई आला," ती म्हणाली. "घरी दोघांचा सैपाक करा. लगन झाल्यापासून मले तुमच्या हातचं गरम जेवण भेटलं नाई. लोकाच्या पोरींचे लगन उरकून तुमी याचे, तवा तुमाले भाकर मीच टाकून द्याची."

हे खरं होतं, आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं. आचारी आपल्या हातचं जेवत नाही. वासानंच पोट भरतं, घरी येऊन भाकर आणि ठेचा बरा वाटतो. पण ती कुठं त्या वासात उभी होती?

मी बाईंना फोन लावला. त्यांनी आवाज ओळखला, पितृपक्षातली तारीख दिली आणि म्हणाल्या, या वेळी जिलेबी सांगा. मी बरं म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. वांगी चिरली, कांदा चिरला, फोडणी केली. सुमन दारात येऊन बघत होती. रस्सा उकळला तसा मिठाचा डबा उघडला, सवयीनं मूठ भरली, आणि हात तसाच थांबला. दोन माणसांच्या भाजीला मीठ किती लागतं, ते मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलं.